मध्येच थांबणारा ड्रायर: किती वेळाने थांबतो, ते आधी पाहा

सोलापुरात कोणी "आमचा ड्रायर मध्येच बंद पडतोय" असे सांगितले, की आधी कोणता ड्रायर ते विचारून घ्यावे लागते, कारण या एकाच शब्दाखाली आपल्याकडे दोन अगदी वेगळी यंत्रे येतात. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनमध्ये धुण्याच्या टबाशेजारी जो अरुंद, उभा, भोके असलेला टब असतो, त्याला घरोघरी ड्रायरच म्हणतात. तो कपडे वेगाने फिरवून त्यांतले पाणी बाहेर फेकतो. त्यात हीटर नसतो, म्हणून कपडे दमटच निघतात आणि पुढचे काम गच्चीवरची दोरी करते. दुसरे यंत्र म्हणजे गरम हवेचा ड्रायर, जो कपडे ढोलात उलटेपालटे करत त्यांतून गरम हवा खेळवतो आणि कपडे घडी घालण्याजोगे कोरडे करून देतो. होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर या भागांतल्या फ्लॅटमध्ये, जिथे गच्ची सामाईक आहे किंवा घरात आजारी माणसाच्या चादरी रोज बदलाव्या लागतात, तिथे हे दुसरे यंत्रही आता दिसते.

दोन्ही यंत्रांची बिघडण्याची पद्धत मात्र एका बाबतीत सारखी आहे. चालता चालता थांबलेला ड्रायर बऱ्याचदा मोडलेला नसतो. मोटर जळू नये, कपडे पेटू नयेत, कोणाचा हात अडकू नये किंवा कोणाला शॉक बसू नये, यासाठी त्यात आणि घराच्या वायरिंगमध्ये चार-पाच रक्षक बसवलेले असतात आणि त्यांपैकी एकाने आपले काम केलेले असते. म्हणून मागचे पत्र्याचे पॅनेल उघडण्याआधी, मेकॅनिकला बोलावण्याआधी, हातात घड्याळ घेऊन तीन गोष्टींची नोंद करावी: सुरू केल्यापासून किती वेळाने यंत्र थांबते, थांबताना आवाज कसा येतो, आणि काहीच न करता ठेवले तर किती वेळाने पुन्हा सुरू होते. रक्षक वेगवेगळ्या गतीने काम करतात, त्यामुळे या तीन उत्तरांवरून कोणत्या रक्षकाने यंत्र थांबवले हे बहुतेक वेळा घरबसल्या कळते.

मोटरच्या पोटातला रक्षक

सर्वांत जास्त वेळा ड्रायर थांबवतो तो मोटरच्या वेटोळ्यांना चिकटून बसवलेला थर्मल प्रोटेक्टर. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींवर जोडून त्याची पट्टी केलेली असते. दोन धातू तापल्यावर सारख्या प्रमाणात पसरत नाहीत, त्यामुळे ठरावीक तापमानाला पट्टी वाकते, संपर्क सुटतो आणि मोटरचा वीजपुरवठा तुटतो. पट्टी निवली की पुन्हा सरळ होते आणि मोटर चालू लागते. जुन्या पद्धतीच्या इस्त्रीत तापमान राखणारी पट्टीही याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच की इस्त्रीत ती दर काही मिनिटांनी वाकणे अपेक्षित असते आणि मोटरमध्ये ती कधीच वाकू नये अशी अपेक्षा असते.

या रक्षकाची ओळख सोपी आहे. यंत्र काही मिनिटे किंवा वीस-पंचवीस मिनिटे नीट चालते, मग कोणतीही ठिणगी, धक्का किंवा खटका न होता शांत होते, आणि वीस मिनिटे ते तासाभराने, जणू काही झालेच नव्हते अशा रीतीने, पुन्हा सुरू होते. मोटरमधले तांबे आणि लोखंड निवायला वेळ लागतो म्हणून हा मधला काळ इतका मोठा असतो. दुसऱ्यांदा सुरू केल्यावर पहिल्यापेक्षा लवकर थांबत असेल, तर शंका उरत नाही, कारण मोटर अर्धवट तापलेल्या अवस्थेतूनच निघालेली असते.

इथे सोलापूरची हवा मध्ये येते. मोटरींची क्षमता सर्वसाधारणपणे भोवतालचे तापमान ४० अंश सेल्सिअस धरून ठरवलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे सावलीतलेच तापमान त्याच्या वर जाते, आणि मशीन ज्या बाल्कनीत किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेले असते, तिथले त्याहूनही जास्त असते. म्हणजे थंडीत जी मोटर दोन तास कुरकुर न करता चालली, तीच मोटर कोणताही नवा बिघाड नसताना मे महिन्यात अर्ध्या तासात थांबू शकते. अशा वेळी मशीन सावलीत हलवणे, भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे आणि कपडे सकाळी लवकर धुणे एवढेच उपाय करून पाहावेत आणि मगच पुढचा तपास करावा.

दुसरे कारण पाण्याच्या दिवसाचे आहे, आणि माझ्या मते सेमी-ऑटोमॅटिकच्या बाबतीत ते उन्हापेक्षाही मोठे आहे. शहराच्या अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी साठलेले सगळे धुणे एका दमात उरकावे लागते. ड्रायरचा टायमर बहुधा पाच मिनिटांचा असतो, कारण ही मोटर थोडा वेळ चालून थोडा वेळ विसावण्यासाठीच बनवलेली असते. आपण मात्र सहा-सात खेपा पाठोपाठ घालतो, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला ड्रायर थांबतो. दोन खेपांमध्ये दहा मिनिटे जाऊ दिली, त्या वेळात पुढच्या कपड्यांना साबण लावला, खंगाळणी केली, तर तीच मोटर सगळे धुणे पार पाडते.

सेमी-ऑटोमॅटिकच्या ड्रायरमध्ये मोटर का तापते

ऊन आणि पाठोपाठच्या खेपा ही कारणे नसतील, तर मोटरवर कोणता तरी जादा भार पडतो आहे असे समजावे. आमच्याच घरी हा अनुभव आला. ड्रायर दोन मिनिटांत मंद होऊन थांबायचा, अर्ध्या तासाने सुरू व्हायचा, आणि तपासायला आलेल्या एका मेकॅनिकने मोटर बदलण्याचा सल्ला दिला. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही एक दिवस थांबलो. प्लग काढून, झाकण उघडून, ब्रेक सोडवून (तो कसा, ते पुढे येते) टब हाताने फिरवला तेव्हा तो एका जागी जड जात होता. टब आणि बाहेरची भिंत यांच्या मधल्या फटीत लहान मुलाचा एक मोजा जाऊन तळाशी दांड्याभोवती गुंडाळला गेला होता. तो काढल्यावर त्याच मोटरने पुढे काही वर्षे काम केले.

ड्रायरसोबत येणारी प्लास्टिकची गोल जाळी कपड्यांवर दाबून ठेवायची असते ती याचसाठी. कपडे वर उसळून फटीत जाऊ नयेत, हेच तिचे काम. बहुतेक घरांत ती जाळी पहिल्या वर्षातच हरवते, आणि हरवली तर ती स्वतंत्र विकत मिळते, एवढे लक्षात ठेवावे.

हाताने टब फिरवून पाहणे ही पहिली परीक्षा. प्लग काढलेला असताना आणि झाकण उघडे असताना ब्रेक लागलेला असतो, त्यामुळे टब घट्टच वाटेल. म्हणून झाकणाच्या बिजागरीपाशी ब्रेकची वायर ओढणारा भाग हळूच दाबून ब्रेक सोडवावा आणि मग टब फिरवावा. तो हलका, सारख्या गतीने फिरून आपोआप थांबला, तर खालची बाजू ठीक आहे. घासल्याचा आवाज आला तर ब्रेकची वायर सैल झाली आहे का ते पाहावे. वायर ताणून लांब झाली की झाकण बंद असतानाही ब्रेकचे पॅड चाकापासून पूर्ण सुटत नाही, मोटर ब्रेक लावलेल्या सायकलीसारखी ओढत राहते आणि जळक्या रबराचा वास येतो. ही वायर स्वस्त असते आणि बदलायलाही सोपी असते. खरखर आवाज आला आणि मशीनखाली गंजट पाणी दिसले, तर दांड्याभोवतीचे रबरी सील फाटून पाणी बुशिंग किंवा बेअरिंगमध्ये उतरले आहे. हे काम मात्र मेकॅनिकचे.

दुसरी परीक्षा पाण्याच्या निचऱ्याची. फेकलेले पाणी पाइपमधून झटपट निघून गेले नाही, तर ते बाहेरच्या भांड्यात साचते आणि टब पाण्यात फिरू लागतो. कोरड्या हवेत फिरायला बनवलेल्या टबासाठी हा भार फार मोठा असतो. बाल्कनीतली मोरी उंच असल्यामुळे ड्रेन पाइप विटेवर किंवा उंबऱ्यावर चढवलेला असतो; हे मशीन पाणी पंपाने ढकलत नाही, ते उतारानेच वाहते, म्हणून पाइप जमिनीलगत आणि तोंडापर्यंत उतरता असावा लागतो. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत साबण कमी फेसाळतो म्हणून पावडर जास्त घातली जाते, आणि न विरघळलेली पावडर, क्षार आणि तंतू मिळून पाइपच्या वाकणात राखाडी लगदा तयार होतो. पाइप काढून गरम पाण्याने धुवावा, आणि कपडे ड्रायरमध्ये घालण्याआधी एकदा चांगले खंगाळावेत, म्हणजे फेसही टबाला धरून ठेवणार नाही.

कपॅसिटरचा दोष आवाजावरून ओळखू येतो. बटण फिरवल्यावर मोटर नुसती घुमते, टब हलत नाही किंवा आळसावल्यासारखा फिरतो, आणि मिनिटा-दोन मिनिटांत सगळे शांत होते. मोटरला फिरण्याची दिशा आणि जोर देणारा हा भाग जुना झाला की त्याची धारकता घटते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पुष्कळदा एकाच डबीत दोन कपॅसिटर असतात, एक धुण्याच्या मोटरसाठी आणि एक ड्रायरसाठी, म्हणून डबीवर दोन आकडे छापलेले असतात. नवा घेताना मायक्रोफॅरड आणि व्होल्ट हे दोन्ही आकडे जुन्याशी जुळले पाहिजेत; जास्त आकड्याचा घातला तर मोटर जास्त जोरात चालेल हा समज चुकीचा आहे, त्याने वेटोळे आणखी तापते. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहू शकते, त्यामुळे ज्याला ती उतरवण्याची रीत माहीत नाही त्याने त्याच्या पिनांना हात लावू नये.

काही सेकंदांतच थांबणारा ड्रायर

यंत्र धडधडत सुरू होऊन लगेच थांबत असेल, तर मोटरच्या तापण्याचा संबंध नाही. एवढ्यात मोटर तापतच नाही. इथे कपड्यांचा तोल आणि झाकणाचा स्विच पाहावा. तोल का महत्त्वाचा आहे, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. टब मिनिटाला १३०० फेऱ्या घेत असेल आणि मध्यापासून १२ सेंटीमीटरवर एका बाजूला २०० ग्रॅम जास्त वजन असेल, तर ते टबाला बाहेरच्या बाजूला सुमारे ४५ किलो वजनाइतक्या जोराने ओढते, आणि ही ओढ सेकंदाला वीसहून अधिक वेळा दिशा बदलते. आपल्या जाड टेरी टॉवेलचा एक भिजलेला कोपराही २०० ग्रॅमचा सहज भरतो. सोलापुरी चादर ड्रायरमध्ये घालताना ती घडी करून एका अंगाला न ठेवता, वाटोळी गुंडाळत टबाच्या कडेने सारखी बसवावी आणि वर जाळी दाबावी. चादर एकटी घातली आणि तोल जमत नसेल, तर समोरच्या बाजूला एक ओला टॉवेल घालावा.

तोल नीट असूनही टब भिंतीवर आपटत असेल, तर मोटरखालच्या तीन स्प्रिंगांपैकी एखादी तुटलेली किंवा तिचे रबर फाटलेले असते. आणि आपटणे नसतानाही धक्क्याधक्क्याने वीज जाते-येते असे वाटत असेल, तर झाकणाचा स्विच तपासावा. झाकण बंद झाले की बिजागरीजवळचा दांडा दोन तांब्याच्या पात्या एकमेकींवर दाबतो. झाकण खिळखिळे झाले किंवा पात्यांवर काजळी धरली, की थरथरीने संपर्क सुटतो. चालू असताना झाकणावर हात ठेवून हलकेच दाबल्यावर ड्रायर नीट चालला, तर दोष इथेच आहे.

हा स्विच कायमचा जोडून टाकण्याची, म्हणजे झाकण उघडे असतानाही ड्रायर चालेल अशी "सोय" करून देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. कृपा करून ती कोणी करून घेऊ नये. फिरत्या टबात साडीचा पदर, ओढणी किंवा मुलाचा हात गेला तर ओढून काढायला क्षणही मिळत नाही.

गरम हवेचा ड्रायर

आता दुसऱ्या यंत्राकडे वळू. यात मोटरशिवाय हीटर आहे, आणि हीटरवर लक्ष ठेवणारे आणखी दोन-तीन रक्षक आहेत. पंखा खोलीतली हवा आत ओढतो, ती हीटरवरून तापून कपड्यांच्या ढोलात जाते, तिथली वाफ घेऊन तंतू अडवणाऱ्या जाळीतून गाळली जाते आणि मागच्या नळीने बाहेर पडते. हवा जितकी मोकळी वाहते तितकी उष्णता बाहेर जाते. हवा अडली, की हीटर तेवढाच तापतो पण उष्णता आतच कोंडते. मग आधी नेहमीचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारा स्विच, हीटर पुन्हा पुन्हा बंद करू लागतो, त्यामुळे यंत्र फिरत राहते पण कपडे वाळत नाहीत. त्यानेही तापमान आटोक्यात आले नाही तर वरच्या मर्यादेचा थर्मोस्टॅट तोडतो. आणि शेवटी थर्मल फ्यूज उडतो. हा फ्यूज एकदाच वापरायचा असतो, निवला तरी पुन्हा जुळत नाही. काही मॉडेलमध्ये तो उडाला की फक्त हीटर बंद होतो, काहींमध्ये सगळे यंत्रच निपचित पडते.

म्हणून गरम हवेचा ड्रायर थांबत असेल तर दहापैकी सात-आठ वेळा तरी मी आधी हवेचाच मार्ग पाहीन. जाळी दर खेपेनंतर साफ करणे हे सर्वांना माहीत असते, पण सोलापुरात त्याला जास्त महत्त्व आहे. इथल्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि घरोघरी तोच वापरला जातो. नव्या टॉवेलच्या फाशांमधून पहिल्या काही धुण्यांत इतका भुरका, म्हणजे सुटे तंतू, निघतो की एका खेपेतच जाळीवर नमद्यासारखा थर बसतो. नवे टॉवेल वाळवताना खेपेच्या मध्येच एकदा यंत्र थांबवून जाळी काढून पुसावी. जाळी वरून स्वच्छ दिसली तरी कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा न दिसणारा पापुद्रा तिच्यावर बसलेला असू शकतो. तो ओळखायला जाळीवर नळाखाली पाणी सोडावे. पाणी पटकन गळून गेले तर ठीक, साचून राहिले तर साबण आणि जुन्या टूथब्रशने जाळी घासावी आणि पूर्ण वाळवून बसवावी.

जाळीनंतर नळी. फ्लॅटमध्ये ती खिडकीच्या फटीतून बाहेर काढलेली असते, कपाटामागे चेपलेली असते, तीन-चार ठिकाणी वाकवलेली असते. प्रत्येक काटकोनी वळण हवेला सुमारे दीड मीटर जास्तीच्या सरळ नळीइतका अडथळा करते असे मानतात. कबुतरांनी आत घरटे करू नये म्हणून नळीच्या तोंडावर बारीक जाळी बांधण्याची चूक फार जण करतात. ओलसर तंतू त्या जाळीवर चिकटत जातात आणि काही आठवड्यांत तोंड जवळजवळ बंद होते. तिथे हवेच्या जोराने उघडणारी आणि एरवी मिटणारी झडप बसवावी. नळी दोषी आहे की नाही हे ठरवण्याची खात्रीची परीक्षा अशी: यंत्र पुढे ओढून नळी काढून टाकावी आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवून एक खेप चालवावी. यंत्र न थांबता खेप पूर्ण झाली, तर बिघाड नळीत आहे आणि यंत्र उघडण्याची गरजच नाही.

हवा मोकळी असूनही यंत्र थांबत असेल, तर त्यात घातलेल्या कपड्यांतले पाणी मोजावे. एक लिटर पाण्याची वाफ करायला हीटरच्या ड्रायरला साधारण दोन तृतीयांश युनिट वीज लागतेच. ही निसर्गाने ठरवलेली किंमत आहे, हीटरवर चालणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या यंत्राला ती चुकत नाही. चार किलो सुती कपडे चांगल्या पिळणीनंतर आले तर त्यांत दोन लिटरच्या आसपास पाणी असते, आणि २००० वॉटच्या हीटरला ते उडवायला किमान ४० मिनिटे लागतात. हेच कपडे हाताने पिळून, थेंब गळत असताना घातले तर पाणी दुप्पट होते आणि वेळही दुप्पट, शिवाय ढोल फिरवणाऱ्या मोटरवर ते वजन तेवढा वेळ राहते. म्हणून गरम हवेच्या ड्रायरमध्ये जाणारा प्रत्येक कपडा आधी मशीनच्या पिळणीतून काढलेला असावा. धुणे आणि वाळवणे एकाच ढोलात करणाऱ्या यंत्रांत आणखी एक खुबी आहे: ८ किलो धुणारे यंत्र एका वेळी ५ किलोच्या आसपासच वाळवू शकते, आणि हा लहान आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. अशा काही यंत्रांत वाफ थंड करण्यासाठीही नळाचे पाणी लागते. टाकी रिकामी झाली की वाळवणे अर्ध्यावर थांबते आणि घरातले लोक हीटरला दोष देत बसतात. वाफेचे पाणी आतल्या टाकीत साठवणाऱ्या ड्रायरमध्ये उलटे होते, टाकी भरली की ते थांबते.

कपडे दमट असतानाच यंत्र "काम झाले" असे समजून थांबत असेल, तर तो सुरक्षेचा प्रश्नच नाही. ढोलाच्या तोंडाशी आतल्या बाजूला धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना टेकला की त्यातून क्षीण प्रवाह वाहतो, आणि प्रवाह वाहेनासा झाला की यंत्राला कपडे वाळले असे वाटते. या पट्ट्यांवर जड पाण्याचे क्षार किंवा सॉफ्टनरचा थर बसला, तर ओला कपडाही कोरडा समजला जातो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने त्या पुसाव्यात. तारेच्या घासणीने ओरखडू नयेत. ढोल मोठा आणि कपडे दोनच असले, तरी ते पट्ट्यांना क्वचितच टेकतात आणि हाच घोटाळा होतो. अशा वेळी वेळ ठरवून चालवण्याचा पर्याय निवडावा.

घरातली वीज

यंत्राऐवजी भिंतीवरच्या डबीतला एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला किंवा शॉर्ट झाले की वीज तोडणारा स्विच, पडत असेल, तर शोध वेगळ्या दिशेने न्यावा लागतो. २००० वॉटचा ड्रायर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर घेतो. त्याला १६ अँपिअरचे सॉकेट आणि त्या भाराला पुरेल अशी स्वतंत्र वायर हवी; ६ अँपिअरच्या सॉकेटवर अडॅप्टर लावून किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर तो कधीच चालवू नये. दहा-वीस मिनिटांनी एमसीबी पडत असेल, तर भार जास्त आहे किंवा एखादी जोडणी सैल असून तिथे उष्णता होते आहे. वापरानंतर लगेच प्लगला हात लावून पाहावा. तो चटका बसेल इतका तापला असेल, किंवा सॉकेटचे भोक पिवळे-तपकिरी झाले असेल, तर ते सॉकेट त्याच दिवशी बदलून घ्यावे. बटण दाबताच एमसीबी पडला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि मग पुन्हा पुन्हा वर करून पाहू नये.

एमसीबी न पडता त्याच्या शेजारचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून तोडणारा स्विच, पडत असेल, तर वीज यंत्राच्या पत्र्याकडे किंवा जमिनीकडे गळते आहे. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीला तोडतो. सोलापुरात याचे एक हंगामी कारण आहे. गरम हवेचा ड्रायर फेब्रुवारीपासून फारसे कोणी वापरत नाही, आणि आपल्याकडचा मुख्य पाऊस सप्टेंबरात पडतो तेव्हा त्याची आठवण होते. इतके महिने पडून राहिलेल्या, धातूच्या नळीत बंद असलेल्या हीटरमध्ये आतली विद्युतरोधक भुकटी ओलावा शोषते आणि पहिल्यांदा सुरू करताच गळती होते. हीटर न लावता, नुसत्या हवेवर काही वेळ यंत्र चालवल्याने कधी कधी फरक पडतो. तरीही आरसीसीबी पडत राहिला तर हीटर तपासून घ्यावा, आणि तोवर यंत्र अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर लावून "चालते का" हे कोणत्याही परिस्थितीत पाहू नये. बंद पडलेल्या काळात उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि कंट्रोल कार्डवर शिरलेल्या मुंग्या, हीसुद्धा पहिल्या पावसातली नेहमीची कारणे आहेत. मशीनच्या तळाला बसवायची जाळी बाजारात मिळते, ती आधीच बसवून घ्यावी.

कमी व्होल्टेजचा परिणाम लोकांना उलटा वाटतो, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर हीटर सुमारे ६१ टक्केच उष्णता देतो, म्हणजे कपडे वाळायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो. मोटरचे मात्र तसे होत नाही. ढोल आणि ओले कपडे फिरवायला लागणारा जोर तेवढाच राहतो, आणि तो देण्यासाठी मोटर जास्त प्रवाह ओढते, जास्त तापते. अशा रीतीने एकाच वेळी काम लांबते आणि मोटरची सहनशक्ती कमी होते, आणि थर्मल प्रोटेक्टर मध्ये पडतो. संध्याकाळी थांबणारा ड्रायर दुपारी किंवा पहाटे व्यवस्थित चालत असेल, तर मल्टीमीटरने किंवा स्टॅबिलायझरच्या काट्यावर, ड्रायर चालू असतानाचे व्होल्टेज पाहावे. यंत्र बंद असतानाचा आकडा उपयोगाचा नाही, कारण भार पडल्यावरच सैल जोडणीचा दोष उघडा पडतो. स्टॅबिलायझर घ्यायचा तर ड्रायरच्या पूर्ण भाराला पुरेल असाच घ्यावा. फ्रिजचा स्टॅबिलायझर इथे चालत नाही.

मेकॅनिक आल्यावर

थर्मल फ्यूज उडालेला निघाला, तर नवा बसवून मेकॅनिकला लगेच जाऊ देऊ नये. फ्यूज का उडाला हे सापडले नाही तर नवाही उडेल. आणि तो फ्यूज काढून तिथे नुसती वायर जोडण्याचा प्रस्ताव कोणी दिला, तर ठामपणे नको म्हणावे. ढोलाच्या मागे साठलेला कापसाचा भुरका किती झटकन पेट घेतो, हे ज्या शहरात घराशेजारी यंत्रमाग चालतात तिथे कोणाला सांगावे लागू नये. मागचे पॅनेल उघडलेच आहे तर तो भुरका ब्रशने आणि व्हॅक्यूमने पूर्ण काढून घ्यावा, पट्टा आणि ढोलाखालचे रोलर हाताने फिरवून पाहायला सांगावे, कारण अडकलेला रोलरही मोटरला तसाच तापवतो.

फोनवर त्याला "बंद पडतो" एवढेच सांगितले तर तो बरोबर काय आणायचे हे ठरवू शकत नाही. "बारा मिनिटांनी शांतपणे थांबतो, पाऊण तासाने सुरू होतो, रिकामा असला तर थांबत नाही, व्होल्टेज २१५ आहे" असे सांगितले, तर तो योग्य सुटा भाग सोबत घेऊन येतो आणि दुसऱ्या फेरीचे पैसे वाचतात. काम झाल्यावर रिकामा टब मिनिटभर फिरवून दाखवला जातो. त्यावर समाधान मानू नये, कारण रिकामा ड्रायर बिघाड असतानाही चालतोच. दोन टेरी टॉवेल आणि एक चादर भिजवून आधीच तयार ठेवावी आणि तो घरात असतानाच, पहिल्या नोंदीत यंत्र जितक्या वेळाने थांबत होते त्याच्या दुप्पट वेळ, घड्याळ लावून ती खेप चालवून घ्यावी.